सॉफ्ट लॉकअप: लॉगमध्ये नाव एका सीपीयूचं, बिघाड दुसऱ्यावर

लिनक्स सर्व्हर मधूनच गोठतो, अर्ध्या मिनिटाने किंवा पाच मिनिटांनी आपोआप सुटतो आणि नंतर लॉगमध्ये सॉफ्ट लॉकअपची ओळ सापडते, म्हणजे एखादा सीपीयू वीस सेकंदांहून जास्त वेळ कर्नेलमध्येच (लिनक्सच्या गाभ्यात) अडकून राहिल्याची तक्रार. हा बिघाड मी वेगवेगळ्या मशीनवर आणि वेगवेगळ्या कर्नेलवर पुन्हा पुन्हा दुरुस्त केला आहे. दर वेळी तो नवा वाटतो, कारण लॉगमधलं प्रोसेसचं नाव दर वेळी वेगळं असतं. कधी डेटाबेस, कधी जावा, कधी बॅकअपचा एजंट. लोक त्या नावाच्या मागे लागतात, डेटाबेसची आवृत्ती बदलतात, जावाची मेमरी वाढवतात आणि पुढच्या आठवड्यात तीच ओळ परत येते.

कॉल ट्रेसमध्ये, म्हणजे सीपीयू कुठल्या फंक्शनांतून तिथे पोहोचला त्या यादीत, ‘एसएमपी_कॉल_फंक्शन_मेनी’ हे नाव दिसत असेल, तर तक्रार करणारा सीपीयू वाट पाहतो आहे. त्याने दुसऱ्या सीपीयूला निरोप पाठवला आणि पोच आली नाही. शोधायचा आहे तो पोच न देणारा. पुढच्या सगळ्या तपासण्या त्यासाठीच आहेत. मी मुख्यतः एक्स८६ सर्व्हरबद्दल लिहितो आहे, प्रत्यक्ष मशीन असो वा व्हर्च्युअल. एआरएमवर जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

लक्षणं

सगळ्यात ठळक लक्षण म्हणजे ही ओळ: ‘वॉचडॉग: बग: सॉफ्ट लॉकअप - सीपीयू#३ स्टक फॉर २२एस!’ आणि पुढे चौकटी कंसात प्रोसेसचं नाव. आकडा पुष्कळदा २२ किंवा २३ असतो, त्यालाही कारण आहे. वॉचडॉगची, म्हणजे अडकलेला सीपीयू हेरणाऱ्या कर्नेलमधल्या पहारेकऱ्याची, मर्यादा मुळात १० सेकंद, सॉफ्ट लॉकअपसाठी तिची दुप्पट म्हणजे २०, आणि तपासणी दर ४ सेकंदांनी. शिवाय कर्नेल इथे नॅनोसेकंदांना शंभर कोटींनी भागत नाही, तीस बिट उजवीकडे सरकवतो, म्हणजे सुमारे १०७ कोटींनी भागतो. त्यामुळे त्याचा ‘सेकंद’ आपल्यापेक्षा किंचित मोठा असतो आणि घड्याळातले २४ सेकंद लॉगमध्ये २२ म्हणून उमटतात. म्हणून बिघाड सुरू झाल्याची वेळ काढताना आकडा २२ असेल तर लॉगच्या वेळेतून २४ वजा करा. पुढे बॅकअपच्या किंवा स्नॅपशॉटच्या वेळेशी ताडून पाहताना हा फरक कामी येतो.

त्या ओळीखालच्या ट्रेसमध्ये टीएलबी (मेमरीच्या पत्त्यांची सीपीयूजवळची छोटी नोंदवही) फ्लश करणारी, म्हणजे पुसणारी, फंक्शनं दिसतात, किंवा ‘ऑन_ईच_सीपीयू’, किंवा ‘टेक्स्ट_पोक’, किंवा मेमबॅरिअर. वाटा वेगळ्या असल्या तरी सगळ्या पोहोचतात त्याच ठिकाणी, निरोप पाठवून थांबण्याच्या फंक्शनवर.

बाहेरून पाहणाऱ्याला दिसतं ते असं. पिंगला उत्तर येतं, पण एसएसएच लॉगिन अडकतं. आधीपासून उघडी असलेली शेल चालते, पण ‘पीएस’ चालवलं की यादी अर्ध्यावर थांबते. ही खूण मला फार उपयोगी वाटते. मेमरी सोडणारी प्रोसेस आपल्या मेमरी नकाशाचं कुलूप हातात धरून पोचेची वाट पाहत असते, आणि ‘पीएस’ला त्या प्रोसेसची कमांड लाइन वाचायला तेच कुलूप हवं असतं. यादी जिथे थांबली त्याच्या पुढची प्रोसेस बहुधा अडकलेली असते. लोड ॲव्हरेज चढत जातो. एकामागून एक इतर सीपीयूंचीही नावं लॉगमध्ये येऊ लागतात, सोबत आरसीयू स्टॉलच्या ओळी, म्हणजे कर्नेलची आणखी एक यंत्रणा सीपीयूंची वाट पाहत अडकल्याची तक्रार.

एक लक्षण मात्र या बिघाडाचं नाही: ‘टास्क ब्लॉक्ड फॉर मोअर दॅन १२० सेकंद्स’. ती प्रोसेस झोपलेली असते, बहुतेक वेळा डिस्कची किंवा एनएफएसची वाट पाहत. फक्त तीच ओळ येत असेल तर स्टोरेजकडे वळा, ही पोस्ट तुमच्यासाठी नाही.

निरोप कसा जातो, आणि नाव चुकीच्याचं का येतं

एवढं समजून घेतलं तर पुढच्या तपासण्यांचा क्रम पटेल, म्हणून इथे थोडा वेळ घालवतो.

कर्नेलमध्ये प्रत्येक सीपीयूच्या नावाने एक रांग असते. दाराशी टांगलेली पत्रपेटी आणि शेजारी घंटा, असं समजा. सीपीयू ३ ला सीपीयू ७ कडून काही करून घ्यायचं असेल तर तो ‘हे फंक्शन चालव’ अशी चिठ्ठी ७ च्या पेटीत टाकतो. पेटी रिकामी होती तरच घंटा वाजवतो. आधीच चिठ्ठी पडलेली असेल तर घंटा वाजून गेलेली आहे, पुन्हा वाजवायची गरज नाही. घंटा म्हणजे आंतर-प्रोसेसर इंटरप्ट (हातातलं काम थांबवायला लावणारा इशारा), ज्याला सगळे आयपीआय म्हणतात. ती मिळाली की ७ हातातलं काम बाजूला ठेवतो, पेटीतल्या सगळ्या चिठ्ठ्या काढून ती फंक्शनं चालवतो आणि प्रत्येक चिठ्ठीवरचं कुलूप उघडतो. ३ त्या कुलपाकडे टक लावून जागच्या जागी फिरत असतो. हा कोड कर्नेलच्या ‘एसएमपी’ फाइलमध्ये आहे. जेन्स ॲक्सबो यांनी २००८ मध्ये तो सगळ्या आर्किटेक्चरांसाठी एकत्र केला.

एक्स८६ वर अशा निरोपांचा मोठा वाटा टीएलबी शूटडाउनचा असतो. एखाद्या प्रोसेसने मेमरीचा तुकडा परत केला की ती प्रोसेस ज्या ज्या सीपीयूंवर चालते आहे, त्या सगळ्यांना आपापल्या टीएलबीतली जुनी नोंद पुसावी लागते. ती पुसली गेल्याची पोच येईपर्यंत पुढे जाता येत नाही, नाहीतर कुणीतरी दुसऱ्याच्या पानावर लिहील. एआरएम६४ वर हे काम हार्डवेअर स्वतःच सगळ्यांना कळवून करतं, म्हणून तिथे टीएलबीपायी हा बिघाड सहसा दिसत नाही. बाकीची कारणं तिथेही आहेतच.

आता नाव चुकीच्याचं का येतं ते पाहा. सॉफ्ट लॉकअपची तक्रार करायलासुद्धा त्या सीपीयूवर टाइमर इंटरप्ट यावा लागतो. वाट पाहणाऱ्या ३ चे इंटरप्ट चालू असतात, त्यामुळे तो तक्रार करू शकतो. ७ ने काही कारणाने इंटरप्ट बंद ठेवले असतील तर त्याला घंटाही ऐकू येत नाही आणि टाइमरही. तो गप्प राहतो. त्याला पकडू शकतो तो हार्ड लॉकअप डिटेक्टर, जो एनएमआय वापरतो, म्हणजे बंद न करता येणारा इंटरप्ट. पण पुष्कळ व्हर्च्युअल मशीनमध्ये त्यासाठी लागणारा परफॉर्मन्स काउंटरच नसतो. बूटच्या लॉगमध्ये ‘पर्फ एनएमआय वॉचडॉग पर्मनंटली डिसेबल्ड’ अशी ओळ असेल तर तुमच्याकडे ही सोय नाही, हे आधीच लक्षात ठेवा.

पहिली तपासणी: लॉगमधली सगळ्यात पहिली ओळ

खर्च शून्य, आणि माझ्या अनुभवात अर्ध्याअधिक वेळा दिशा इथेच मिळते. मशीन रीबूट झालं असेल तर मागच्या बूटचा कर्नेल लॉग काढा: ‘जर्नलसीटीएल -के -बी -१’. तो मिळत नसेल तर जर्नल डिस्कवर साठवलं जात नाही. आधी ते चालू करा, नाहीतर पुढच्या वेळीही हात रिकामेच राहतील.

लॉकअपच्या ओळीपासून वर जा, खाली नाही. गोठलेलं मशीन शेकडो ओळी ओततं, पण दुसऱ्या लॉकअपनंतरचं सगळं बहुधा परिणाम असतं. वर पाहताना तीन गोष्टी शोधा. मशीन चेकची, म्हणजे हार्डवेअरने स्वतः कळवलेल्या बिघाडाची, नोंद आहे का? टीएससी (सीपीयूमधलं) घड्याळ अस्थिर म्हणून नाकारल्याची ओळ आहे का? आणि आधी कुठे ‘ऊप्स’, म्हणजे कर्नेलच्या कोडमध्येच गंभीर चूक, झालं आहे का? ऊप्स झालेली प्रोसेस मारली जाते, पण तिने धरलेलं स्पिनलॉक (ज्यासाठी थांबणारा सीपीयू झोपत नाही, जागीच फिरत राहतो असं कुलूप) तसंच धरलेलं राहतं. नंतर त्या लॉकसाठी इंटरप्ट बंद करून थांबलेला प्रत्येक सीपीयू बहिरा होतो. अशा वेळी तासाभरापूर्वीचं ऊप्स हे मूळ आणि आत्ताचा लॉकअप हा त्याचा शेवटचा टप्पा असतो.

त्याच ट्रेसमध्ये ‘टेंटेड’ या शब्दापुढची अक्षरं वाचा. डी म्हणजे आधी ऊप्स झालेलं आहे. डब्ल्यू म्हणजे आधी इशारा येऊन गेला. एम म्हणजे मशीन चेक. ओ म्हणजे कर्नेलच्या मूळ झाडाबाहेरचं मॉड्यूल चढवलेलं आहे, पी म्हणजे मालकीहक्काचं मॉड्यूल. एल म्हणजे सॉफ्ट लॉकअप याआधीही झाला आहे, म्हणजे तुम्ही वाचताय तो पहिला नाही, अजून वर जा.

दुसरी तपासणी: व्हर्च्युअल मशीन असेल तर आधी यजमानाकडे पाहा

व्हर्च्युअल सीपीयू हा यजमानाच्या, म्हणजे व्हर्च्युअल मशीन (पाहुणं) चालवणाऱ्या प्रत्यक्ष सर्व्हरच्या, दृष्टीने एक थ्रेड असतो, आणि यजमान त्याला हवा तेव्हा बाजूला काढू शकतो. ३ ने ७ ला निरोप पाठवला त्याच क्षणी ७ चा थ्रेड रांगेत उभा असेल, तर पोच त्याची पाळी येईपर्यंत येणार नाही. पाहुण्या कर्नेलच्या कोडमध्ये काही चुकलेलं नसतं. मी पाहिलेल्या व्हर्च्युअल मशीनपैकी बहुतेकांचं कारण हेच निघालं: यजमानावर प्रत्यक्ष कोअरपेक्षा कितीतरी जास्त व्हर्च्युअल सीपीयू वाटलेले.

‘टॉप’मध्ये ‘एसटी’ हा आकडा पाहा, म्हणजे चोरीला गेलेला वेळ: पाहुण्याला सीपीयू हवा होता पण यजमानाने दिला नाही तो. पण तो सगळ्या सीपीयूंची सरासरी असतो. १६ सीपीयूंपैकी एकच पूर्ण अडकला असेल तर सरासरीत जेमतेम ६ टक्के दिसतील आणि तुम्ही दुर्लक्ष कराल. म्हणून ‘एमपीस्टॅट’ने प्रत्येक सीपीयूचा आकडा वेगळा पाहा. शिवाय प्रत्येक हायपरवायझर (यजमानावर व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) हा आकडा पाहुण्याला सांगतोच असं नाही, तेव्हा शून्य दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका. व्हीएमवेअर असेल तर यजमानाच्या बाजूने ‘रेडी’ आणि ‘को-स्टॉप’ हे आकडे मागवा, खरं चित्र तिथे असतं.

दुसरं, लॉकअपची वेळ यजमानाच्या कामांच्या यादीशी जुळवा. स्नॅपशॉट, लाइव्ह मायग्रेशन, बॅकअप या सगळ्यांत मशीन थोडा वेळ थांबवलं जातं. रोज रात्री ठरावीक वेळी लॉकअप येत असेल तर मी दुसरं काही पाहण्याआधी बॅकअपचं वेळापत्रक मागवतो. इथे उपाय तुमच्या पाहुण्या मशीनमध्ये नाही. यजमानावरची गर्दी कमी करायला लावा, किंवा मशीन दुसऱ्या यजमानावर हलवा.

आणि एक उपाय लोकांना उलटा वाटतो, तरी मनापासून सांगतो: व्हर्च्युअल सीपीयू कमी करून पाहा. ३२ दिलेत आणि ८ वर काम भागतं, तर ८ ठेवा. टीएलबी पुसण्याचा निरोप जितक्या सीपीयूंना जातो तितक्या सगळ्यांची पोच लागते, आणि पोच सगळ्यात उशिरा देणाऱ्याच्या वेगाने येते. मशीन हळू वाटतं म्हणून सीपीयू वाढवले की हा बिघाड वाढतो.

तिसरी तपासणी: सीरियल कन्सोल

प्रत्यक्ष सर्व्हरवर हे कारण फार वेळा हुकतं. कर्नेलच्या ओळी सीरियल पोर्टवर जात असतील तर १,१५,२०० बॉडला सेकंदाला सुमारे ११,५२० अक्षरं जातात. ९,६०० बॉडला फक्त ९६०. एखाद्या ड्रायव्हरने किंवा फायरवॉलच्या नियमाने ३ लाख अक्षरांचा लॉग ओतला, तर पहिल्या वेगाला २६ सेकंद लागतात आणि दुसऱ्याला पाच मिनिटांहून जास्त. जुन्या पद्धतीच्या छपाईत जो सीपीयू छापायला बसतो तो इतरांच्या ओळीही छापत राहतो. तो इंटरप्ट बंद असलेल्या ठिकाणाहून आत आला असेल, तर एवढा सगळा वेळ त्याला एकही निरोप ऐकू येत नाही.

बूटच्या ओळीत ‘कन्सोल=टीटीवायएस०’ आहे का आणि वेग किती आहे ते पाहा. कन्सोलची लॉग पातळी उतरवा, म्हणजे फक्त गंभीर ओळी तिथे जातील. बाकीचा लॉग ‘डीमेसेज’मध्ये राहतोच, काही गमावत नाही. रीबूट न करता एका मिनिटात होणारा बदल आहे, म्हणून तिसऱ्या क्रमांकावर.

चौथी तपासणी: निरोपांची मोजणी

‘/प्रॉक/इंटरप्ट्स’ ही फाइल दहा सेकंदांच्या अंतराने दोनदा वाचा आणि फरक काढा. तळाच्या ओळी आपल्या कामाच्या: आरईएस म्हणजे दुसऱ्या सीपीयूवर शेड्युलर जागा करणारे निरोप, सीएएल म्हणजे फंक्शन चालवायला सांगणारे, टीएलबी म्हणजे शूटडाउन, एलओसी म्हणजे त्या सीपीयूचा टाइमर. एआरएमवर शेड्युलरचे आणि फंक्शनचे निरोप आयपीआय० पासून पुढच्या ओळींत दिसतात.

गोठलेल्या अवस्थेत शेल हाताशी असेल तर ही तपासणी सोन्यासारखी आहे. ज्या सीपीयूचे सीएएल आणि एलओसी दोन्ही जागचे हललेले नाहीत तो बहिरा झालेला आहे, आणि तोच आपल्याला हवा आहे. एक सावधगिरी मात्र हवी. रिकाम्या बसलेल्या सीपीयूचा टाइमर कर्नेल मुद्दाम थांबवतो, त्यामुळे नुसत्या एलओसीवरून निष्कर्ष काढू नका. ‘टास्कसेट’ने त्या सीपीयूवर एखादी साधी कमांड चालवून पाहा. ती लगेच परतली तर सीपीयू ठीक आहे. मात्र ही कमांड वेगळ्या शेलमधून द्या, कारण सीपीयू खरंच अडकलेला असेल तर ती परत येणार नाही.

मशीन सुरळीत असतानाही टीएलबीचा आकडा झपाट्याने वाढत असेल तर ॲप्लिकेशन सतत मेमरी घेतं आणि सोडतं आहे. मूळ बिघाड त्याने होत नाही, पण पोचेची वाट पाहण्याच्या वेळा वाढतात आणि छोटा उशीरही मोठा होऊन दिसतो. इथे मेमरी ॲलोकेटरच्या सेटिंगने पुष्कळ फरक पडतो.

इथेच एक गैरसमज दूर करतो. ‘आयआरक्यूबॅलन्स’ बंद किंवा चालू करून हा बिघाड जात नाही. ती सेवा डिस्क, नेटवर्क यांचे इंटरप्ट वाटते. आयपीआय ठरावीक सीपीयूच्याच नावाने जातो, तो दुसरीकडे वळवता येत नाही. तसंच ‘आयसोलसीपीयूज’ने वेगळे काढलेले सीपीयूही या निरोपांतून सुटत नाहीत.

पाचवी तपासणी: गप्प असलेल्या सीपीयूचा ट्रेस

आतापर्यंत कारण सापडलं नसेल तर पुढच्या वेळेसाठी सापळा लावावा लागतो. ‘कर्नेल.सॉफ्टलॉकअप_ऑल_सीपीयू_बॅकट्रेस’ हे सेटिंग १ करा. मग लॉकअप झाला की कर्नेल सगळ्याच सीपीयूंचे ट्रेस छापतो. हाताशी शेल असेल तर रूट म्हणून ‘/प्रॉक/सिसआरक्यू-ट्रिगर’मध्ये लहान एल लिहिलं तरी तेच होतं. सीरियल कन्सोल हळू असेल तर आधी तिसरी तपासणी पूर्ण करा, नाहीतर हे ट्रेसच नवा लॉकअप घडवतील.

एक्स८६ वर हे ट्रेस एनएमआयने मागवले जातात, म्हणून इंटरप्ट बंद केलेला सीपीयूही उत्तर देतो. एआरएम६४ वर जीआयसी तीन (इंटरप्ट हाताळणारा कंट्रोलर) आणि कर्नेलमध्ये स्यूडो-एनएमआय चालू नसेल तर ही मागणीसुद्धा साध्या निरोपानेच जाते, आणि बहिऱ्या सीपीयूचा ट्रेस मिळत नाही. तिथे ट्रेस न येणं हीच खूण समजा.

आता वाचायचं कसं? रिकामे बसलेले सीपीयू बाजूला काढा. पोचेची वाट पाहणारे बाजूला काढा. उरतात ते एक-दोन. त्यातला एखादा स्पिनलॉकसाठी फिरत असेल आणि इंटरप्ट बंद असतील, तर तो लॉक कुणाच्या हातात आहे हे शोधा. एक क्लासिक कोंडी अशी असते: ३ ने एक लॉक धरला आणि तो हातात असतानाच सगळ्यांना निरोप पाठवून थांबला. ७ ने तोच लॉक इंटरप्ट बंद करून मागितला आणि तो फिरत बसला. ३ ला ७ ची पोच हवी, ७ ला ३ चा लॉक. यातून दोघंही कधीच सुटत नाहीत. मशीन आपोआप सुटत असेल तर ही कोंडी नव्हे, कधीच सुटत नसेल तर मी हीच आधी पाहतो.

ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनी हे नियम घट्ट धरावेत. पोचेची वाट पाहणारा निरोप इंटरप्ट बंद असताना पाठवू नका. कर्नेल त्यावर इशारा देतो, तो इशारा दाबू नका. निरोपात पाठवलेलं फंक्शन इंटरप्टच्या संदर्भात चालतं, तिथे झोपता येत नाही. त्या फंक्शनला लागणारा लॉक हातात धरून निरोप पाठवू नका.

सहावी तपासणी: अद्ययावत करणं आणि वजाबाकी

ट्रेसमध्ये एखाद्या बाहेरच्या मॉड्यूलचं नाव दिसत असेल, तर ते काढून मशीन चालवून पाहा. अँटिव्हायरस, बॅकअपचे एजंट, निगराणीची साधनं, काही स्टोरेज ड्रायव्हर ही मंडळी कर्नेलमध्ये आपलं मॉड्यूल चढवतात, आणि कर्नेल बदलला की ती जुळतीलच असं नाही.

मग वितरणाचा ताजा कर्नेल, प्रोसेसरचा मायक्रोकोड, शेवटी बायोस, या क्रमाने. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि बिघाडाच्या नेहमीच्या अंतराच्या दुप्पट तरी थांबा. आठवड्यातून एकदा होणारा बिघाड दोन दिवस झाला नाही यातून काहीच सिद्ध होत नाही.

प्रत्यक्ष मशीन रिकामं असतानाच गोठत असेल तर प्रोसेसरच्या गाढ झोपेच्या अवस्थांवर संशय घ्या. इंटेलच्या बे ट्रेल चिपवर हा प्रकार बराच गाजला होता. ‘इंटेल_आयडल.मॅक्स_सीस्टेट=१’ हा बूट पर्याय देऊन पाहा. त्याने बिघाड थांबला तर कारण कळलं, पण वीज जास्त लागेल आणि मशीन तापेल. म्हणून तो निदानासाठी वापरा, आणि कायमचा उपाय बायोस किंवा कर्नेलच्या नव्या आवृत्तीत शोधा.

सातवी तपासणी: कर्नेललाच विचारणं

इथून पुढे वेळ लागतो आणि कर्नेल बांधतानाचे पर्याय माहीत असावे लागतात. ‘/बूट’मधल्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘सीएसडी_लॉक_वेट_डीबग’ आहे का ते पाहा. असेल तर बूटच्या ओळीत ‘सीएसडीलॉक_डीबग=१’ द्या. मग पोच पाच सेकंदांत आली नाही की कर्नेल स्वतःच सांगतो, कुठला सीपीयू कुणाची वाट पाहतो आहे आणि कुठल्या फंक्शनसाठी. त्याखालच्या ओळीत आणखी मोलाची माहिती असते: समोरचा सीपीयू हाच निरोप हाताळतो आहे, की आधीच्या निरोपात गुंतला आहे, की मुळीच प्रतिसाद देत नाही. पहिल्या दोन बाबतींत दोष निरोपात पाठवलेल्या फंक्शनचा असतो. तिसऱ्यात इंटरप्ट बंद आहेत, व्हर्च्युअल सीपीयू बाजूला काढला गेला आहे किंवा हार्डवेअर बिघडलं आहे.

इंटरप्ट कोण किती वेळ बंद ठेवतो हे ‘आयआरक्यूसऑफ’ ट्रेसर दाखवतो. तो चालू असताना मशीन मंदावतं, तेव्हा चाचणीच्याच मशीनवर लावा. फर्मवेअर सीपीयू पळवतं आहे असा संशय असेल तर ‘एचडब्ल्यूलॅट’ ट्रेसर आहे, आणि ‘टर्बोस्टॅट’मधला एसएमआयचा (फर्मवेअरने सीपीयू ताब्यात घेतल्याच्या इंटरप्टचा) स्तंभ. वीस सेकंदांचा लॉकअप एकट्या एसएमआयने क्वचितच होतो. मिलिसेकंदांच्या अडखळण्याचा शोध घेत असाल तर मात्र तिथे जरूर पाहा.

याही पुढचं साधन म्हणजे केडम्प. ‘कर्नेल.सॉफ्टलॉकअप_पॅनिक’ १ केलं की लॉकअप होताच मशीन कोसळतं आणि मेमरीची प्रत डिस्कवर लिहून रीबूट होतं. म्हणजे आपोआप सुटणारा अडथळा तुम्ही मुद्दाम बंद पडण्यात बदलता आहात. सेवेच्या मालकाची संमती घेतल्याशिवाय आणि एकदा चाचणी करून प्रत खरंच लिहिली जाते हे पाहिल्याशिवाय हे सेटिंग लावू नका.

वॉचडॉगची मर्यादा १० वरून ६० करणं किंवा वॉचडॉगच बंद करणं, हा सल्ला सगळीकडे सापडतो. त्याने फक्त ओळ जाते. सीपीयू तितकाच वेळ अडकलेला राहतो, ग्राहकांचे व्यवहार तितकेच रखडतात, आणि पुढच्या माणसाला शोधायला पुरावा उरत नाही. यजमानाच्या स्नॅपशॉटमुळे मशीन थांबतं हे पक्कं ठाऊक असेल आणि तो थांबा मान्य असेल, तरच मर्यादा वाढवणं मला पटतं.

कुठे थांबायचं

लॉगमध्ये मशीन चेक दिसला, किंवा प्रत्यक्ष मशीनवर हार्ड लॉकअप दर वेळी त्याच सीपीयूवर येतो, तर पुढे कर्नेलमध्ये खणू नका. डेटा दुसरीकडे हलवा आणि हार्डवेअरच्या विक्रेत्याला बोलवा. मदरबोर्ड, प्रोसेसर, मेमरी यांतलं काय बदलायचं हे त्यांच्या निदान साधनांनी ठरतं.

यजमान तुमच्या ताब्यात नसेल आणि चोरीला गेलेला वेळ दिसत असेल, तर सेवा देणाऱ्याकडे तक्रार नोंदवा. त्यांच्याच बाजूने उपाय होऊ शकतो. तुम्ही पाहुण्या मशीनमध्ये कितीही बदल केले तरी ७ ची पाळी लवकर येणार नाही.

बहिऱ्या सीपीयूचा ट्रेस एखाद्या बंद ड्रायव्हरमध्ये संपत असेल तर तो त्या ड्रायव्हरच्या कंपनीचा प्रश्न आहे. तो वितरणाच्या कर्नेलमध्येच संपत असेल आणि ताज्या आवृत्तीतही येत असेल, तर वितरणाच्या सपोर्टकडे जा. आणि मशीनवर चालू डेटाबेस असेल, ताजा बॅकअप नसेल, तर सहाव्या तपासणीपासून पुढचं काहीही एकट्याने करू नका. बायोसचं अपडेट अर्ध्यात अडकलं तर मशीन सुरूही होणार नाही.

ज्याला बोलवाल त्याला एवढं द्या: पहिल्या लॉकअपच्या आधीच्या तासाभराचा पूर्ण कर्नेल लॉग, कापून नव्हे, सगळ्या सीपीयूंचे ट्रेस, ‘/प्रॉक/इंटरप्ट्स’च्या दोन प्रती, त्यांच्या वेळेसकट, कर्नेल, मायक्रोकोड आणि बायोसच्या आवृत्त्या, व्हर्च्युअल मशीन असेल तर यजमानाच्या कामांची त्या वेळेची यादी, आणि केडम्पची प्रत असेल तर तीही, त्याच कर्नेलच्या डीबग माहितीसह, कारण तिच्याशिवाय ती प्रत उघडून वाचता येत नाही. प्रत बाहेर पाठवताना तुमच्या सुरक्षा विभागाला आधी विचारा. तिच्यात त्या क्षणी मेमरीत असलेला ग्राहकांचा डेटा आणि पासवर्डही असू शकतात.